नासरेथ ते कफर्णहूम: गालीलच्या सरोवराकडे पायी

नासरेथहून कफर्णहूमला जाणारी पायवाट सुमारे ६५ किलोमीटरांची आहे. २००७ मध्ये ती यात्रेकरूंसाठी आखली गेली आणि तेव्हापासून शेतांतून, ओढ्यांतून व टेकड्यांवरून जाताना दगडांवरच्या नारिंगी खुणा वाट दाखवतात. मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात हे सारे अंतर एका वाक्यात ओलांडतो: येशू नासरेथ सोडून सरोवराच्या काठी असलेल्या कफर्णहूमात जाऊन राहिला. मुंबई, वसई आणि कोकणातल्या काही ख्रिस्ती कुटुंबांबरोबर एका मार्च महिन्यात मी ही वारी पायी केली, ती या एका वाक्यासाठी. डोंगरावरच्या गावात वाढलेल्या, सुताराच्या घरच्या माणसाने आपल्या कार्याचे ठिकाण म्हणून सरोवर का निवडले असावे, हा प्रश्न माझ्या मनात फार वर्षे होता, आणि त्याचे उत्तर नकाशात नव्हे तर चालताना सापडेल अशी माझी समजूत होती.

नासरेथ समुद्रसपाटीपासून साधारण ३५० मीटर उंचावर आहे आणि सरोवराचे पाणी समुद्रसपाटीच्याही सुमारे २१० मीटर खाली. म्हणजे ही वाट मधले चढ सोडले तर उतरणीचीच आहे. पहिल्या टप्प्यात सेफोरिस या प्राचीन शहराचे अवशेष लागतात, पुढे काना येते, जिथे पाण्याचा द्राक्षारस झाला अशी श्रद्धा आहे. मार्चमध्ये हा प्रदेश हिरवागार असतो; गव्हाच्या शेतांच्या बांधांवर रानमोहरी आणि तांबडी अॅनिमोनी फुललेली असते. मात्र या भागात मोठे पाणी कुठेच दिसत नाही. नासरेथचे जुने गाव एका झऱ्यावर जगत होते आणि त्या झऱ्याला आजही मरियेचे नाव आहे. ज्याचे बालपण एका झऱ्याच्या पाण्यावर गेले, त्याच्या शिकवणीत पुढे जाळी, होड्या, वादळ आणि मासे एवढ्या मोठ्या प्रमाणावर यावेत, ही गोष्ट वाचताना सहज नजरेआड होते.

सरोवर पहिल्यांदा दिसते ते हत्तीनच्या शिंगांवरून. ही दोन सुळक्यांची, विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी आहे. ४ जुलै ११८७ रोजी इथे मुस्लिम सुलतान सलाउद्दीनच्या सैन्याने ख्रिस्ती क्रूसेडर सैन्याचा पूर्ण पराभव केला. ऐन उन्हाळ्यात, चिलखते घालून चालत आलेले ते सैनिक तहानेने व्याकूळ झाले होते. सरोवर समोर दिसत होते आणि तिथवर पोचण्याची वाट शत्रूने अडवलेली होती. ख्रिस्ताच्या नावाने शस्त्र घेऊन निघालेली माणसे ख्रिस्ताच्या सरोवरासमोर पाण्यावाचून पडली, ही हकिकत मला त्या टेकडीवर उभे असताना फार जड गेली. आमच्याबरोबरच्या फादरांनी तिथे प्रार्थना घेतली ती दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी, आणि ते मला योग्य वाटले.

अर्बेलचा कडा हा या वाटेवरचा सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा भाग. कड्याच्या माथ्यावरून सरोवराचा बराचसा विस्तार दिसतो: उत्तर-दक्षिण सुमारे २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३ किलोमीटर, खोली ४० मीटरांच्या थोडी पुढे. समोर गोलानचे पठार, उत्तरेला हर्मोन पर्वताचा बर्फ. येशूच्या कार्याचा केवढा मोठा भाग या एका दृष्टिक्षेपात मावतो! कफर्णहूम, बेथसैदा, मग्दाला, पाच भाकरींत हजारो जण जेवले ती जागा आणि ज्या किनाऱ्यावर पुनरुत्थित प्रभूने निखारे पेटवले तो किनारा, सारे त्या पाण्याभोवती काही तासांच्या चालीच्या अंतरावर आहे.

कडा उतरताना खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्यांना धरून पाय टाकावे लागतात. आम्ही उतरू लागलो तेव्हा पाणी शांत होते. दुपार कलल्यावर पश्चिमेकडून, म्हणजे आमच्या पाठीमागून, घळीतून वारा सुटला आणि निळ्या पाण्यावर पांढऱ्या लाटा उठल्या. सरोवर चहूबाजूंनी उंच भूमीने वेढलेल्या खोल द्रोणात आहे. द्रोणातली हवा उबदार असते, आजूबाजूच्या उंचीवरची थंड हवा घळींतून वेगाने खाली उतरते आणि थोड्या वेळात पाणी खवळते. हिवाळ्यात गोलानकडून येणारा पूर्वेचा वारा त्याहून दांडगा असतो. मार्काच्या चौथ्या अध्यायातले वादळ हे त्या सरोवराचे नेहमीचे वागणे आहे, आणि त्यामुळेच शिष्यांच्या भीतीला वजन येते. होडीतले निदान चौघे तरी त्याच पाण्यावर पोट भरणारे होते. ज्यांना वारा ओळखता येतो, तेच घाबरले होते. सुताराच्या घरचा त्यांचा गुरू मात्र वरामावर, म्हणजे होडीच्या मागच्या भागात, उशी घेऊन झोपला होता. त्याने उठून वाऱ्याला धमकावले आणि पाणी निवांत झाले, तेव्हा त्यांना आणखी मोठे भय वाटले, असे मार्क लिहितो. प्राचीन इस्राएलाच्या दृष्टीने खोल पाणी म्हणजे बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले, अजून आकार न आलेले, अंधाराने झाकलेले जल होते. त्याला आज्ञा करण्याचा अधिकार एकट्या देवाचा, हे १०७ वे स्तोत्र सांगते. म्हणूनच वारा थांबल्यावर त्यांनी एकमेकांना विचारले की हा आहे तरी कोण.

गिनोसरला सरोवराच्या काठी एका वास्तूत पहिल्या शतकाच्या आसपासची एक होडी जतन केलेली आहे. १९८६ च्या जानेवारीत, दुष्काळामुळे पाणी मागे सरकले असताना, तिथल्याच दोन मच्छीमार भावांना ती चिखलात दिसली. लांबी ८ मीटरांहून थोडी अधिक, रुंदी सव्वादोन मीटरांच्या आसपास. ती कोणत्या शिष्याची होती असा दावा कोणी जाणता माणूस करत नाही. त्या काळची, त्या पाण्यावरची, कामाची होडी एवढेच खरे, आणि तेवढे पुरेसे आहे. आमच्या गटात उत्तनच्या एक मावशी होत्या, ज्यांचे घरदार पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर उभे आहे. बाकीचे छायाचित्रे काढत असताना त्या वाकून फळ्या बघत राहिल्या. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बघ बाळा, ही फळी वेगळ्या झाडाची, ही त्याहून वेगळी. मिळेल ते लाकूड लावून होडी चालवली आहे. नाखवा गरीब होता." संशोधकांनीही तेच नोंदवले आहे: मुख्यतः देवदाराच्या फळ्या आणि ओकचा सांगाडा, पण दुरुस्त्यांसाठी वापरलेली लाकडे अनेक जातींची. मावशींना ते माहिती-फलक न वाचता कळले.

जाळ्यांच्या बाबतीत माझेही तसेच झाले. माझे आजोळ मालवणचे, आणि तिथली रापण मी लहानपणापासून पाहिली आहे: होडीने जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर माणसांनी ओढायचे, आणि जाळे वाळूत आले की सर्वांनी बसून मासळी निवडायची. मत्तयच्या तेराव्या अध्यायात येशू स्वर्गाच्या राज्याला ज्या जाळ्याची उपमा देतो ते हेच आहे. ते सर्व प्रकारचे जीव एकत्र करते, भरल्यावर किनाऱ्याकडे ओढले जाते, आणि लोक बसून चांगले भांड्यांत भरतात, वाईट फेकून देतात. गालीलमध्ये या निवडण्याला धर्मशास्त्राचेही कारण होते. लेवीयच्या अकराव्या अध्यायानुसार पंख आणि खवले नसलेले जलचर निषिद्ध, आणि या सरोवरात बिनखवल्यांचा मोठा मांगूर भरपूर सापडतो. न्यायाच्या दिवसाचे चित्र त्याने राजदरबारातून न घेता या काठावरच्या रोजच्या कामातून घेतले. लूकच्या पाचव्या अध्यायातला पेत्रही रात्रभर कष्ट करून रिकाम्या हाताने परतलेला, जाळी धुणारा माणूस आहे. येशू त्याच्या होडीत बसून लोकांना शिकवतो, आणि शिकवणे संपल्यावर त्याला म्हणतो, होडी खोल पाण्यात घे. वचन ऐकले गेले काठावर, पण ते मानायचे की नाही हे ठरले खोल पाण्यात. सरोवराच्या साऱ्या कथांमध्ये मला हीच रचना पुन्हा पुन्हा दिसते.

त्या रात्री मुक्कामावर आम्ही शास्त्रातली इतर सरोवरे वाचली. याच गालीलच्या दक्षिण टोकातून यार्देन बाहेर पडते आणि शेवटी मृत समुद्राला मिळते, ज्याला उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात क्षार समुद्र म्हटले आहे. नदी एकच, वरच्या सरोवरातून पाणी पुढे वाहते, खालच्यातून बाहेर पडायला वाट नाही, म्हणून क्षार साचत जातात आणि तिथे मासा जगत नाही. यहेज्केल संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या ४७ व्या अध्यायात पाहतो की मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेली नदी त्या खाऱ्या पाण्यात उतरते, पाणी गोडे होते आणि एन-गेदीच्या काठावर कोळी जाळी पसरतात. प्रकटीकरणात याच्या उलट, अग्नीचे सरोवर आहे, ज्यात अखेर मृत्यूच टाकला जातो. काही जण हा भाग टाळून पुढे जातात. मला तसे करणे प्रामाणिक वाटत नाही. त्याच पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात नवे आकाश आणि नवी पृथ्वी येते तेव्हा समुद्र उरलेला नसतो. ज्या अथांग पाण्याचे भय शिष्यांनी होडीत अनुभवले, त्या भयाचा तो शेवट आहे, असे मी समजतो.

दुसऱ्या दिवशीची चाल काठाकाठाने होती. ताबघाला भाकरींच्या चमत्काराच्या मंदिरात वेदीजवळ पाचव्या शतकातली प्रसिद्ध नक्षी आहे: टोपलीत चार भाकरी आणि दोन्ही बाजूंना एकेक मासा. तिथून जवळच काळ्या दगडाचे, १९३३ साली बांधलेले छोटे मंदिर पाण्याला लागून उभे आहे, जिथे योहानाच्या २१ व्या अध्यायाचे स्मरण करतात. पुनरुत्थानानंतर पेत्र पुन्हा मासे धरायला गेला, पुन्हा रात्र रिकामी गेली, आणि पहाटे काठावर उभ्या असलेल्या कोणीतरी जाळे उजवीकडे टाकायला सांगितले. १५३ मोठे मासे मिळाले. काठावर निखारे होते, मासळी आणि भाकर होती. प्रभूच्या अटकेच्या रात्री पेत्राने त्याला तीनदा नाकारले तेही विस्तवाजवळच, आणि इथे विस्तवाजवळच त्याला तीनदा विचारले गेले, माझ्यावर प्रीती करतोस काय. आम्ही तिथे पाण्यात पाय सोडून हा अध्याय मराठीत मोठ्याने वाचला. मावशींना तिसऱ्या प्रश्नाशी रडू आले आणि पुढचे वाचन फादरांनी केले.

वाट कफर्णहूमला संपते. पेत्राचे घर म्हणून पहिल्या शतकांपासून मानलेली जागा, तिच्यावर पाचव्या शतकात बांधलेल्या अष्टकोनी मंदिराच्या भिंती, आणि पांढऱ्या दगडाचे यहूदी सभास्थान, ज्याच्याखाली आधीच्या इमारतीचा काळा बेसाल्ट आहे, हे सारे पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मी मात्र तिथे थांबलो नाही, कारण शुभवर्तमानही तिथे थांबत नाही. "आपण पलीकडे जाऊ या," असे येशू वादळाच्या त्या संध्याकाळी म्हणाला होता. पलीकडे म्हणजे यहूदी नसलेल्यांचा मुलूख, डुकरे पाळणाऱ्यांचा, ज्यांच्या वाटेला कोणी धार्मिक गालीलकर स्वतःहून जात नसे. ते वादळ त्या वाटेवरच आले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते: सरोवर दोन समाजांमधली सीमा होते आणि त्याने शिष्यांना ती ओलांडायला लावली. आमच्यापैकी काही जण बसने पूर्व किनाऱ्यावरच्या कुर्सीला गेलो. १९७० मध्ये रस्ता बांधताना तिथे बायझंटाइन काळातला मठ उघडकीस आला. भूतग्रस्त बरा झाला आणि डुकरांचा कळप कड्यावरून पाण्यात पडला, ती ही जागा, अशी जुनी परंपरा आहे.

मार्क सांगतो की बऱ्या झालेल्या त्या माणसाने होडीत बरोबर येऊ देण्याची विनंती केली आणि येशूने ती मान्य केली नाही. पेत्राला त्याने जाळी सोडून मागे यायला सांगितले होते. याला मात्र आपल्या घरी, आपल्या माणसांकडे परत जायला सांगितले. हा माणूस दकापलीसच्या, म्हणजे दहा नगरांच्या त्या मुलुखातून आपली हकिकत सांगत फिरला. त्याच्या गावच्या लोकांनी येशूला आपल्या सीमेबाहेर जायची विनवणी केली होती, पण सातव्या अध्यायात येशू पुन्हा त्या मुलुखात येतो तेव्हा लोक एका बहिऱ्या माणसाला घेऊन त्याच्याकडे धावतात, आणि आठव्या अध्यायात चार हजार माणसे तीन दिवस उपाशी राहून त्याचे ऐकत बसलेली असतात. त्यांच्यासाठीही भाकरी मोडल्या जातात, आणि उरलेल्या तुकड्यांच्या सात टोपल्या भरतात.