कान तपासायच्या रांगेत

पीएचडीची प्रवेश परीक्षा, मुलाखत, विषय ठरणं सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते दिव्यांगत्वाच्या दाखल्यापाशी.

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएचडीला सहा वर्षं मिळतात. दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून जास्त असेल तर वाढीव दोन वर्षांची सवलत मिळू शकते. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र हवं. अर्ज ऑनलाइन भरला, एका सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं ठरलं.

तिथे कानाच्या ओपीडीबाहेर नावं पुकारतात. दाराआडून, तोंडाला मास्क लावून. कान तपासायला आलेल्यांची नावं!

पहिल्या दिवशी साडेआठपासून बसलो, दीडला खिडकी बंद. "तीनदा हाक मारली, होतात कुठे?" समोरच्याच बाकावर होतो. दुसऱ्या खेपेला दारावरून नजर हलवली नाही. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. लॅबमधून मेसेज होता: डायलिसिसची पिशवी गळतेय. रुग्णाची नव्हे, प्रयोगातला नमुना शुद्ध करायची. पपईच्या चिकातलं माझं एन्झाइम, आठवड्याची मेहनत, ४ अंशांच्या खोलीत भोवतीच्या बफर द्रावणात विरघळत होतं. मान वर केली तर नंबर गेलेला. मास्क खाली ओढून दारावरचे शिपाईमामा म्हणाले, "बहिरे आहात का?" ते मात्र ओठांवरून स्वच्छ कळलं. रांग हसली. पुण्यात पाषाणला लॅबपाशी उतरेपर्यंत माझे कान तापलेले होते.

गाइड मॅडमनी समजूत घातली, "जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनींना बंगलोरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून आधी नाकारलंच होतं. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतलीच ना त्यांनी?" खरंय. पण त्या दिवशी मला एन्झाइम परत हवं होतं.

तिसऱ्यांदा शेजारच्या आजींना चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, "हे पुकारलं की कोपर मारा." मारलं, चांगलंच. तुम्हीही कुणालातरी सोबत न्याच.

ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, आवाज आला की बटण दाबायचं. बेरा या दुसऱ्या चाचणीत कपाळाला, कानामागे तारा चिकटवतात, कानात टकटक सोडतात आणि मेंदूकडून येणारा प्रतिसाद मशीन टिपतं. आपण निपचित पडायचं. डोक्याला तेल लावून जाऊ नका, तारा चिकटत नाहीत. मला धुऊन यायला लावलं.

कार्ड आलं. त्याच आठवड्यात लॅबच्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरच्या अलार्मला तांबडा दिवा जोडून घेतला. वायरमनला अर्धा तास लागला.