बिबट्याच्या पट्ट्यात रात्री दारं धरायला बॅटरी कोणती घ्यावी – माझा अनुभव

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, येडगाव धरणाच्या खालच्या अंगाला. ऊस जास्त, बाकी टोमॅटो अन् थोडा कांदा. मोटरची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते अन् काही दिवस रात्री, रात्रीची पाळी आली की जेवण करून मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत उसात दारं धरायची, म्हणजे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीला वळवत राहायचं, ह्याला पर्याय नाही. आणि ऊस म्हणजे बिबट्याचं घर. ज्यांनी बघितलं नाही त्यांना वाटतं वाढवून सांगतायत, पण ऊस वर्ष दीड वर्ष उभा असतो, आत गारवा असतो, पाटाचं पाणी जवळ, वस्तीवरची कुत्री शेरडं जवळ, मग मादी पिल्लं घालायला डोंगरात कशाला जाईल. तोडणी सुरू झाली की दरवर्षी कुठल्या ना कुठल्या टोळीला पाचटात, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांत, बछडे सापडतात. माणिकडोहचं बिबट निवारण केंद्र आमच्याच तालुक्यात आहे ते काही उगीच नाही. शिरूरकडं तर काही गावात बाया शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायला लागल्या.

तर अशा ठिकाणी चांगली बॅटरी ही चैन नाही, खोऱ्याइतकी गरजेची आहे. तरी लोक ती घेताना दुकानदार देईल ती घेतात. मला हे नीट समजून घ्यायचं होतं म्हणून आधी फोनवर व्हिडिओ बघायला लागलो, तर तिथं निम्म्याहून जास्त अमेरिकेतले शिकारी. तिकडं कायोटी म्हणून कोल्ह्याच्या जातकुळीतला प्राणी आहे, त्याची रात्रीची शिकार बऱ्याच राज्यात कायदेशीर आहे, आणि ते लोक बॅटरीचा फार बारकाईनं विचार करतात. लाल नाहीतर हिरवा प्रकाश वापरायचा, झोताचा मधला भाग जमिनीवर टाकायचा नाही, थोडा वर धरून फक्त कडेच्या फिक्या उजेडानं रान चाळायचं, डोळे चमकले की मग बंदुकीवरची जोरदार बॅटरी. सगळं गणित जनावराला कळू नये यावर बसवलेलं.

आपलं बरोबर उलटं आहे. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे, शिकारीचा विषयच नाही आणि मला ती करायचीही नाही. मला एवढंच पाहिजे की तो मला लांबून कळावा, आणि मी येतोय हे त्याला त्याच्याही आधी कळावं. हे एकदा मनात पक्कं झालं आणि लाल हिरव्या बॅटऱ्या यादीतून गेल्या. लाल उजेड शेडमध्ये बसल्यावर बरा, त्यानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत, नाहीतर एकदा पांढऱ्या उजेडात बघितलं की नजर परत नीट बसायला वीस-तीस मिनिटं जातात. पण चालताना पांढराच पाहिजे.

मग आकड्यांचा घोळ. खोक्यावर लुमेन लिहिलेले असतात, कुणी दहा हजार लिहितो कुणी पन्नास हजार. लुमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. तो किती लांब जाईल हे कँडेलावर ठरतं, म्हणजे झोताच्या मध्यभागी किती जोर आहे. हिशोब सोपा आहे, कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायची, तेवढे मीटर. १० हजार कँडेला असेल तर २०० मीटर, ४० हजार असेल तर ४००. म्हणजे अंतर दुप्पट पाहिजे असेल तर जोर चौपट लागतो. आणि ह्यातली अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, ते जे २०० मीटर लिहितात तिथं पोचलेला उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढा असतो, पाव लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडलेला उजेड मोजायचं माप). तेवढ्यात काहीतरी आहे एवढं कळेल, कुत्रं आहे का बिबट्या हे कळणार नाही. म्हणून मी लिहिलेल्या अंतराचं तिसरा हिस्सा खरं धरतो.

नुसतं वाचून समाधान होईना म्हणून एका रात्री वस्तीवर ज्यांच्याकडं ज्या बॅटऱ्या होत्या त्या सगळ्या गोळा केल्या आणि बांधावर लावून बघितल्या. पुतण्या डिप्लोमा करतो, त्यानं खतांच्या पांढऱ्या गोण्या काठ्यांना बांधून लाईटच्या खांबाखांबाला उभ्या केल्या, आणि माझ्या डोक्यात आलं की सायकलचा रिफ्लेक्टर डोळ्यासारखाच वागतो, तर दोन तुकडे काठीला लावून ऊसाच्या कडेला गुडघ्याच्या उंचीवर रोवले. त्या रात्री जेवढं शिकलो तेवढं महिनाभर व्हिडिओ बघून शिकलो नव्हतो. तात्यांची जुनी मोठी चौकोनी बॅटरी गोण्या लांबपर्यंत दाखवत होती पण पायाजवळ काळोख. चुलतभावाची झूमवाली लांब केली की उजेडाचा एक चौकोन पडायचा आणि त्याच्या बाहेर काहीच नाही, जसं नळीतून बघतोय. आणि रिफ्लेक्टरचं तर फार महत्त्वाचं निघालं, तीच बॅटरी कमरेजवळ धरली तर ते तुकडे मिणमिण करत होते, कपाळाजवळ धरली की लख्ख पेटले.

त्याचं कारण असं की बिबट्याच्या, कुत्र्याच्या, गाईच्या डोळ्यात मागं एक चकाकणारा पडदा असतो, तो उजेड ज्या दिशेनं आला त्याच दिशेला परत पाठवतो. म्हणजे आपला डोळा बॅटरीच्या जितका जवळ तितकी चमक जास्त दिसणार. डोक्याला लावायच्या बॅटरीचा हा सगळ्यात मोठा फायदा, वरून दोन्ही हात मोकळे राहतात, स्टार्टरची पेटी उघडताना ओल्या हातानं एक हातात बॅटरी धरून खटपट करणं धोक्याचं आहे, आणि खोरं तर एका हातानं चालतच नाही.

आता उसाच्या आतलं. बाहेरून वाटतं जेवढी जोरदार बॅटरी तेवढं चांगलं, पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात सरीतून चालताना जोरदार झोत समोरच्या पानांवर आपटून आपल्याच डोळ्यात येतो आणि पानांच्या मागचं काहीच दिसत नाही. तिथं दीडशे दोनशे लुमेन, पसरट, एवढंच पाहिजे. आणि रंग. निळसर पांढरा उजेड खोक्यावर भारी दिसतो पण पाचटात घोणस पडलेली असेल तर त्या उजेडात पाचट आणि घोणस एकच वाटतात. थोडा पिवळसर, चार-पाच हजार केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) उजेड घेतला की तपकिरी रंगातला फरक कळतो. सापाचे डोळे असे चमकत नाहीत, तो तुम्हाला अंगावरच्या नक्षीनंच ओळखावा लागतो. रात्री दारं धरणाऱ्याला बिबट्याइतकीच भीती घोणस मण्यारची धरली पाहिजे, गमबूट घालाच.

थंडीत धुकं पडलं की डोक्याची बॅटरी उपयोगाची राहत नाही, डोळ्यासमोर पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा ती बंद करायची आणि हातातली कमरेच्या खाली धरून चालायचं, उजेड धुक्याच्या खालून जातो आणि वाट दिसते. म्हणजे लांबून डोळे बघायचे तर बॅटरी कपाळाला, धुक्यात वाट बघायची तर कमरेला. एका बॅटरीत दोन्ही कामं होत नाहीत, म्हणून मी दोन घ्यायच्या ठरवलं, डोक्याला पसरट उजेडाची आणि हातात लांब झोताची.

सेलचं नीट ऐका कारण फसवाफसवी सगळ्यात जास्त इथं आहे. हल्लीच्या चांगल्या बॅटऱ्यात १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. ह्या मापाच्या खऱ्या सेलची ताकद ३५०० एमएएचच्या (सेलात किती वीज साठते त्याचं माप) आसपास संपते. ज्याच्यावर ९९०० लिहिलंय तो खोटा आहे, चर्चाच करायची नाही. दुकानात हातात घेतला तरी कळतं, खरा सेल ४५-५० ग्रॅम भरतो, खोटा हलका लागतो. २१७०० म्हणून थोडा जाड सेल येतो तो ५००० पर्यंत देतो, हातातल्या बॅटरीला तो बरा. आता हिशोब करा, ३५०० एमएएचचा सेल साधारण साडेबारा वॅट-तास वीज देतो, चांगली बॅटरी एका वॅटला शंभर लुमेनच्या आसपास काढते, म्हणजे दीडशे लुमेनवर आठ तास. एवढीच आपली पाळी. जे लोक हजार लुमेनवर रात्रभर चालते म्हणतात त्यांना विचारा वीज येते कुठून. खोक्यावर जो चालायचा वेळ लिहितात तोही उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यावर येईपर्यंतचा असतो, आणि फुल मोडवर गरम झाली की बॅटरी काही मिनिटात स्वतःच उजेड कमी करते. तो बिघाड नाही, ती तशीच बनवलेली असते. सुटा सेल खिशात किल्ल्या नाण्यांबरोबर ठेवू नका, शॉर्ट होऊन पेटतो. पाण्याचं काम आहे तर खोक्यावर पाणी न शिरण्याचा दर्जा आयपीएक्स ७ बघा, म्हणजे पाटात पडली तरी अर्धा तास एक मीटर पाण्यात टिकते, नुसतं आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यापुरतं.

बटणाचंही बघावं लागतं आणि हे दुकानात उभं राहून बघायचं. काही बॅटऱ्यात हाय, मीडियम, लो, मग लुकलुक, मग एसओएस, असं सगळं एकाच बटणावर असतं आणि घाईत दाबलं की लुकलुकायला लागते. अंधारात ती लुकलुक बिबट्याआधी आपल्यालाच गोंधळात टाकते, पाय कुठं पडतोय कळत नाही. मला अशी पाहिजे होती की बंद करून चालू केली तर आधीच्याच मोडवर येईल आणि जास्त वेळ दाबलं तर थेट फुल. नारायणगावात शोधून मिळाली.

वापरायची रीत आता ठरलेली आहे. उसाच्या बांधावर पाऊल टाकायच्या आधी उभं राहून हातातल्या बॅटरीनं कड चाळायची, झोताच्या मध्यानं नाही तर कडेच्या उजेडानं, अमेरिकनांची ही एक गोष्ट मी घेतली, कारण सावकाश फिरवलं तर फिक्या उजेडातही डोळे चमकतात आणि आपली नजर दिपत नाही. मग तोंडानं आवाज, काठीला घुंगरू, फोनवर काहीतरी लावलेलं. ससा असेल तर लालसर चमक, उड्या मारत जाते. गाय म्हैस उंचावर, दोन डोळे लांब लांब, बऱ्याचदा एकच दिसतो. बारीक बारीक हिऱ्यासारखे ठिपके जमिनीवर असतात ते कोळी, पहिल्यांदा बघणारा घाबरतो. बिबट्याचे डोळे पिवळट हिरवे, जमिनीपासून फार उंच नाहीत, दोन्ही आपल्याकडं, आणि स्थिर. कुत्र्याचेही साधारण तसेच दिसतात, पण कुत्रं जागेवर राहत नाही, मान हलवतं, येतं नाहीतर जातं. नक्की होत नसेल तर बिबट्याच धरायचा.

मला ते गेल्या हिवाळ्यात दिसले. मी आणि चुलतभाऊ पाणी दुसऱ्या सरीला वळवायला निघालो होतो, बांधाच्या वळणावर, आमच्यापासून साधारण दोन खांबांवर, खोडव्याच्या (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेल्या उसाच्या) कडेला दोन डोळे. बसलेला असावा. आम्ही दोघं ताठ उभं राहिलो, भाऊ मोठ्यानं बोलायला लागला, मी उजेड त्याच्या तोंडावर न धरता पुढच्या जमिनीवर धरला म्हणजे तो दिसत राहील आणि दिपून आमच्या अंगावर यायचा नाही, आणि तसेच तोंड त्याच्याकडं ठेवून मागं मागं सरकलो. पळालो नाही. थोड्या वेळानं तो उठला, एकदा आडवा दिसला, शेपूट लांबलचक, आणि उसात गेला. मोटर बंद केली, त्या रात्रीचं पाणी सोडून दिलं. सकाळी ओल्या मातीत ठसे होते, चार बोटं, नखांची खूण नाही, कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. वनखात्याच्या १९२६ ह्या हेल्पलाईन नंबरवर फोन केला, वनखात्याची माणसं आली, ठसे बघितले, मादी असेल आणि जवळ पिल्लं असतील म्हणाली, तिकडच्या सरीत काही दिवस कुणी जाऊ नका एवढं सांगितलं आणि आम्ही ते पाळलं.

हे मला मनापासून सांगायचंय की बॅटरीला बिबट्या घाबरतो असं धरून चालू नका. मुंबईत आरेच्या वस्त्यांत तो दिव्याच्या उजेडात फिरतो, कॅमेऱ्यात कितीदा दिसलाय. बॅटरी आपल्याला वेळ देते, चार पावलावर दिसण्याऐवजी साठ पावलावर दिसतो, बाकी काम आपल्या वागण्याचं. सगळ्यात धोक्याचं म्हणजे वाकणं आणि बसणं. वाकलेला माणूस त्याला त्याच्या भक्ष्याच्या उंचीचा दिसतो आणि दारं धरायचं काम तर वाकूनच करायचं असतं. म्हणून आमच्यात एक वाकला की दुसरा उभा, त्याच्या हातात लांब झोताची बॅटरी आणि पाठ पहिल्याकडं. एकट्यानं जायचं नाही, लहान पोरांना तर डबा द्यायलाही उसाकडं पाठवायचं नाही, मग कितीही बॅटऱ्या असूद्यात.

पैशाचं विचाराल तर माझी डोक्याची दीड हजाराच्या आत आली, हातातली त्याहून महाग. दोन्हीचं बजेट नसेल तर आधी डोक्याची घ्या, पसरट उजेडाची, सेल बदलता येणारी, आणि उरलेल्या पैशात एक खरा जादा सेल घ्या. ज्यात सेल आतच कायमचा बसवलेला असतो ती घेऊ नका, मध्यरात्री संपली तर चार्जिंगला लावून उसात उभं राहता येत नाही. जादा सेल प्लॅस्टिकच्या डबीत, वरच्या खिशात. आणि दुकानात अंधारी खोली मागा, लावून बघू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.