कोणी मेलं नाही

मंगळवार, रात्रीचे पावणेदोन

संपली. तीनशेच्या आसपास पानं, दोन रात्री. अ.ने विचारलं, आवडली ना? मी म्हटलं, छान आहे. तेव्हापासून चिडचिड होतेय. अ.वर नाही, त्या 'छान'वर. कादंबरीवर पण.

वाईट म्हणावी अशीही नाही. दोन बायका, प्रेमात पडतात, मध्ये थोडा गैरसमज, मग एकत्र राहायला लागतात. सगळ्या मैत्रिणी शहाण्या, एकसुद्धा आगाऊ नाही. तीन महिने एका खोलीत राहून दोघींचं ओल्या टॉवेलवरून एकदाही वाजत नाही, हे तर शुद्ध परीकथेतलं. पण खटकलं ते हे नाही. अशा चुका मी इतर प्रेमकथांना सर्रास माफ करते.

खटकलं ते आईचं पान. मुलगी सांगते. आई कपड्यांच्या घड्या घालत असते, घालतच राहते आणि विचारते, "मग रविवारी ती येणार आहे का?" बस. चार ओळी. पुढच्या प्रकरणात रविवार.

मी पुस्तक मिटलं. चार ओळी? एवढ्यात होतं?

आमच्याकडे त्या वाक्यानंतर जे झालं ते इथे लिहीत नाही. या वहीत आधीच खूप झालंय ते.

आधी वाटलं, कंटाळा आला. मग वाटलं, खोटं लिहिलंय म्हणून राग आला. आता या वेळी, कोणी बघत नसताना, लिहून टाकते: हेवा वाटला. कागदावरच्या, अस्तित्वातच नसलेल्या मुलीचा. तिला तेवीसाव्या वर्षी चार ओळींत मिळालं म्हणून. वय एक्केचाळीस आणि हेवा कोणाचा, तर पात्राचा.

आणि एक गंमत. अशी कुठलीही कादंबरी हातात आली की मी आधी शेवटचं पान बघते. दोघी जिवंत आहेत ना, एवढंच. जुनी सवय. इतक्या गोष्टींत शेवटी एक जण नदीत, नाहीतर गाडीखाली, नाहीतर मुकाट लग्नाच्या मांडवात. त्यामुळे कथेत कोणी पावसात गाडी काढली की माझ्या पोटात गोळा येतो. या वेळीही शेवट बघितला. जिवंत होत्या. हुश्श केलं, पहिल्या पानावर आले, आणि अडीचशे पानांनंतर तक्रार काय, तर यांना काही झालंच कसं नाही!

फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने दोन पुरुषांच्या प्रेमाची 'मॉरिस' ही कादंबरी 1913-14 मध्ये लिहिली आणि ती छापली गेली 1971 मध्ये, तो गेल्यावर. अडचण होती ती सुखी शेवटाचीच. त्यानेच लिहून ठेवलंय, शेवटी पोरगा फासावर लटकला असता तर पुस्तक छापायला हरकत नव्हती. पण सुखी शेवट करायचाच नसता तर आपण लिहायलाच बसलो नसतो. अमेरिकेत 1952 मध्ये एका लेखिकेला प्रकाशकाकडूनच सांगणं होतं की तुझ्या नायिकांचं भलं होता कामा नये, नाहीतर पोस्टखातं पुस्तकं अश्लील म्हणून अडवेल. त्याच वर्षी तिथल्याच पॅट्रिशिया हायस्मिथने आपल्या कादंबरीत प्रेमात पडलेल्या दोन बायकांना शेवटी आशा ठेवली, तीही टोपणनावाने. वाचकांची आभाराची पत्रं कितीतरी वर्षं येत राहिली म्हणे.

हे सगळं मला माहीत आहे. माहीत असून मी आज पोस्टखात्याच्या बाजूने बसलेय.

म्हणजे मला हवंय तरी काय? रडारड असती तर म्हटलं असतं, पुन्हा तेच, आमच्या वाट्याला कायम स्मशानच. गोड आहे तर म्हणतेय, असं कुठे असतं. लेखिकेने माझ्यासाठी लिहिलेली नाही बहुतेक. आज जी तेवीसची आहे तिच्यासाठी लिहिली असेल. तिला त्या चार ओळी पुरेशा वाटत असतील, किंवा अशा ओळी निदान छापून येतात एवढं तरी. मी तेवीसची असताना असलं पुस्तक मिळालं असतं तर... जाऊ दे. लपवलंच असतं कुठेतरी.

स. असती तर हसली असती. तिला गोड शेवट आवडायचे.

पाणी प्यायला उठले आणि येताना ते पान परत उघडलं. चौथ्यांदा. आई टॉवेलची घडी घालते, मुलगी बोलते, आई टॉवेलची घडी घालते. तोच टॉवेल. निळ्या काठाचा. म्हणजे मध्ये तिने ती मोडली असणार, नाहीतर हातातून सुटला असणार. लेखिकेने त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि मी तीनदा वाचून ते पाहिलं नाही, कारण मी आईकडे बघतच नव्हते.

हे कळून राग गेला असं नाही. टॉवेल दोनदा घडी करणं आणि आमच्याकडचं ते, यात अंतर आहेच. पण चार ओळी आता चारच वाटत नाहीत.

त्या पानाच्या कडेला मी काल पेन्सिलने 'काहीतरीच!' असं लिहिलंय. उद्गारचिन्हासकट, दाबून. पुस्तक अ.चं आहे आणि शनिवारी परत द्यायचंय. सकाळी खोडरबर शोधायला हवा.