तुम्ही विचारलंत म्हणून: नवाकोरा बेस आणि लगेच स्क्रूड्रायव्हर?

नवीन बेस गिटार घेतली असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो "कशी वाजते?" हा नसतो. "मग आता त्यात काय काय बदलणार?" असं विचारतात आणि त्याला जोडूनच, "एवढं सगळं बदलायचंच आहे तर सरळ वरचं मॉडेल का नाही घेतलंत?" नुकताच मी एक नवा बेस घेतलाय, चार तारांचा, फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या धाटणीचा, दोन सिंगल कॉइल पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांची थरथर टिपणारं चुंबक आणि वेटोळं, इथे प्रत्येकात एकच वेटोळं), पॅसिव्ह म्हणजे बॅटरी नसलेला, त्यामुळे हे परत सुरू झालंय. तर एकदा नीट लिहूनच टाकते.

मी बेस घेताना फक्त त्याच गोष्टी बघून घेते ज्या मला नंतर घरी बसून बदलता येत नाहीत. म्हणजे नेक (वाद्याची लांब दांडी), फ्रेट (तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) कसे बसवलेत ते, आणि गळ्यात अडकवल्यावर वाद्य अंगावर कसं बसतं ते. बाकी पिकअप, पॉट (नॉबखालचे व्हॉल्यूम-टोनचे भाग), खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग), तारा हे सगळं स्क्रू नाहीतर सोल्डरवर असतं, ते आज नाही तर उद्या माझ्या मनासारखं करता येतं. वरच्या मॉडेलमध्ये पुष्कळदा या दुसऱ्या यादीतल्याच वस्तू भारीतल्या असतात, आणि त्या दुसऱ्या कुणाच्या तरी कानाने निवडलेल्या असतात. माझ्या कानाने मी निवडेन ना.

नेक बघायचा म्हणजे हेडस्टॉककडून (खुंट्या असतात त्या टोकाकडून) एक डोळा मिटून बॉडीच्या दिशेने दोन्ही कडा बघायच्या. थोडा बाक असेल तर घाबरायचं कारण नाही, तो ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या आवळता येणाऱ्या सळईने जातो, पण नेकला पीळ असेल, म्हणजे एक कड वर जातेय आणि दुसरी खाली, तर कितीही सुंदर रंग असू दे, खाली ठेवायचा. मग अँप न लावता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवायची, सावकाश, आणि कुठे सूर पटकन मरतो का ते ऐकायचं. फेंडरच्या धाटणीच्या बेसमध्ये सगळ्यात बारीक "जी" (G) सुराच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असा एक मेलेला सूर सापडतो बऱ्याचदा, थोडासा असणं नॉर्मल आहे, पण काही काही बेसमध्ये तो इतका असतो की चालू गाण्यात तिथे भोक पडल्यासारखं वाटतं. लाकडाचा नेक ज्या पद्धतीने थरथरतो त्यातून ते येतं, हेडस्टॉकला वजन लावून जागा थोडी सरकवता येते पण पूर्ण जात नाही. आणि उभं राहून वाजवून बघा हो प्लीज! बसून सगळेच बेस छान वाटतात. उभं राहिल्यावर हेडस्टॉक जमिनीकडे झुकायला लागला तर डावा हात सूर दाबायचं सोडून नेक उचलत बसतो. हलक्या खुंट्या लावून यात खरंच फरक पडतो, कारण ते वजन नेकच्या पार टोकाला असतं, पण मुळात बॅलन्स बरा असेल तर सोन्याहून पिवळं.

नटची, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिची रुंदी पण बघा. जॅझ बेसच्या धाटणीत नटपाशी नेक साधारण 38 मिलिमीटर असतो, फेंडरच्याच प्रिसिजन बेसचा बहुतेक वेळा 41-42. ऐकायला किरकोळ वाटतं, हाताला अजिबात किरकोळ वाटत नाही. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी बहुतेकांची 34 इंचच असते, ती ज्यांना ताणाची वाटते त्यांनी 30 इंची शॉर्ट स्केल बिनधास्त घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

आता, नवं वाद्य उघडणं म्हणजे त्याचा अपमान करणं असं ज्यांना वाटतं त्यांना मला सांगायचंय की हे वाद्य पहिल्यापासून असंच वाढलंय. प्रिसिजन बेस 1951 मध्ये आला तो साध्या एका सिंगल कॉइल पिकअपवर, आज आपण ज्याला "पी बेसचा आवाज" म्हणतो तो दोन तुकड्यांचा पिकअप 1957 मध्ये आला, म्हणजे बनवणाऱ्यानेच आपलं वाद्य सुधारलं. पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेल्या बिल वायमनने 1961 मध्ये एका स्वस्तातल्या बेसचे फ्रेट काढले ते नवे बसवायचे म्हणून, आणि तसाच आवाज इतका आवडला की राहू दिला. बेसवादक जॅको पास्टोरियसचा तो प्रसिद्ध 1962 चा जॅझ बेस पण फ्रेट काढलेलाच, वरून बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा थर दिलेला, कारण राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा लाकूड खातात. आणि नेक बॉडीला स्क्रूने जोडायची ही पद्धतच अशी आहे की काहीही वेगळं करून परत जोडता यावं.

तर माझा क्रम. पहिले काही दिवस मी काहीच विकत घेत नाही, फक्त सेटअप करते, आणि माझं ठाम मत आहे की ज्यांना आपला बेस "फिका" वाटतो त्यातल्या बऱ्याच जणांना पिकअप नाही, सेटअप बदलायची गरज असते. आधी हव्या त्या तारा लावून सुरात आणायच्या, मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची, अशाने तारच सरळ पट्टी होते, आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मध्ये किती फट राहते ते फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) मोजायचं. 0.3 मिलिमीटरच्या आसपास असलं की बरं. जास्त असेल तर ट्रस रॉड आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, परत सुरात लावायचं आणि मग लाकडाला वेळ द्यायचा, कारण नेक लगेच सगळं ऐकत नाही, दुसऱ्या दिवशी मोजलं की आकडा थोडा हललेला असतो. रॉड फिरत नसेल तर जोर करायचा नाही, तिथे थांबायचं आणि जाणत्या माणसाकडे न्यायचा. त्यानंतर ब्रिजवरच्या सॅडल (तार टेकते ते छोटे तुकडे) वरखाली करून तारांची उंची, सतराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटरच्या जवळपास पासून सुरुवात करून आपला हात सांगेल तसं. जोरात वाजवणाऱ्याने हळू वाजवणाऱ्याची तारांची उंची म्हणजे अॅक्शन उचलू नये, तार फ्रेटवर आपटून खडखडणारच. आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येतो ना ते), बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर दोन्ही ट्यूनरवर बघायचे, दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे घ्यायची, उतरा येत असेल तर पुढे. हा क्रम उलटा केला तर परत पहिल्यापासून करावं लागतं कारण एक हललं की पुढचं सगळं हलतं.

याच बैठकीत पिकअपची उंची. ही गोष्ट लोक विसरतातच. पिकअप तारेच्या जवळ नेला की आवाज मोठा आणि टोकदार होतो, फार जवळ नेला तर चुंबक तारेलाच ओढायला लागतो आणि जाड तारेचा सूर डळमळीत येतो. नव्या बेसवर मी नेककडचा पिकअप बराच खाली घेतला आणि ब्रिजकडचा थोडा वर, आणि दोन्ही फुल ठेवल्यावर जो मधला गुरगुरता आवाज मला पाहिजे होता तो तिथेच मिळाला. स्क्रूड्रायव्हर सोडून काही लागलं नाही.

तारांबद्दल एकच सांगते, तारा बदलणं हे पिकअप बदलण्याइतकंच मोठं मॉडिफिकेशन आहे, फक्त त्याला कोणी मॉडिफिकेशन म्हणत नाही. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन आयुष्यभर जाड फ्लॅटवाउंड (वरून सपाट, गुळगुळीत) तारांवर वाजवायचा, तुटल्याशिवाय बदलायचा नाही, ब्रिजच्या झाकणाखाली फोम आणि उजव्या हाताचं एकच बोट, आणि त्यातून मोटाउनच्या त्या सगळ्या लाइन्स निघाल्या. तुम्हाला तो जुना, गोल, पटकन विरणारा आवाज हवा असेल तर पिकअपच्या शोधात जाण्याआधी फ्लॅटवाउंड लावा आणि ब्रिजपाशी तारांखाली फोमचा तुकडा सरकवा. फ्लॅटवाउंडचा ताण बऱ्याचदा जास्त असतो, म्हणून ट्रस रॉड परत बघावा लागतो एवढं लक्षात ठेवा. आणि ज्यांना चार तारांतच खालचा बी हवाय, म्हणजे बी-ई-ए-डी असं लावायचंय, त्यांनी .130 च्या आसपासची जाड तार बसेल इतकं नटचं खोबण रुंद करून घ्यावं लागेल, आणि तो सूर 30.9 हर्ट्झचा असतो (खुली ई 41.2 ची), छोटा अँप तो नीट दाखवूच शकत नाही, मग दोष बेसला देऊ नका.

आता सोल्डरिंग आयर्न कधी निघतं? माझ्या बाबतीत घरघर ऐकू आल्यावर. जॅझ धाटणीत दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकाचे असतात, त्यामुळे दोन्ही फुल असले की घरघर एकमेकांत कटते, पण एकाचा व्हॉल्यूम कमी केला की ती परत येते, ही बिघाडाची खूण नाही, सिंगल कॉइलचा स्वभावच आहे. म्हणून शिल्डिंग. पॉट आणि पिकअपच्या खोबणीत आतून तांब्याची चिकटपट्टी लावायची, तुकडे एकमेकांवर चढवायचे, आणि सगळं ग्राउंडला जोडलंय का ते मल्टीमीटरने तपासायचं, नुसतं चिकटवून ग्राउंडला जोडलं नाही तर काही उपयोग नाही. सिग्नलची वायर जोडलेलं टोक कुठे पट्टीला टेकत नाही ना तेही बघायचं, नाहीतर आवाजच बंद. शिल्डिंगने ट्यूबलाइट, डिमर वगैरेची चरचर चांगलीच कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरची चुंबकीय घरघर राहते थोडी, ती पाहिजेच नसेल तर हम-कॅन्सलिंग (घरघर कापणारा) पिकअप हाच उपाय.

उघडलंच आहे तर मी एका व्हॉल्यूमच्या जागी पुश-पुल पॉट टाकला, खेचला की दोन्ही पिकअप पॅरलल ऐवजी सिरीजमध्ये (शेजारी शेजारी ऐवजी एकामागे एक जोडलेले). हे माझं सगळ्यात लाडकं काम आहे! सिरीजमध्ये आवाज मोठा होतो, मधला भाग भरून येतो, वरची चमक थोडी जाते, आणि तोच बेस एकदम दणकट होतो. नवीन लाकूड कोरायचं नाही, बाहेरून काही दिसत नाही, आणि बटण दाबलं की परत पहिला बेस. टोनच्या कॅपॅसिटरबद्दल खूप वाद चालतात, माझ्या मते त्यात किंमत बघायचीच नाही, आकडा बघायचा, 0.047 मायक्रोफॅरड हा नेहमीचा, आकडा वाढवला की टोन बंद केल्यावर आवाज जास्त बुजतो. टोन पूर्ण उघडा असेल तर फरक जवळजवळ ऐकूच येत नाही. पॉटचा फरक मात्र येतो, 250 के ऐवजी 500 के टाकला की वरचा भाग जास्त उघडा होतो, सिंगल कॉइलवर कधी कधी नको इतका.

पिकअप मी अजून बदललेले नाहीत आणि एवढ्यात बदलणार पण नाही. ज्यांना बदलायचेत त्यांनी आधी माप घ्या, बऱ्याच जॅझ बेसमध्ये ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा किंचित लांब असतो आणि दोन्ही सारखे मागवले की एक बसत नाही. जड ब्रिजबद्दल मी जरा कोरडी आहे, जुन्या वाकवलेल्या पत्र्याच्या ब्रिजची सॅडल सरकत असेल, स्क्रू हातात खुपत असतील तर बदला, पण नुसत्या आवाजासाठी नको.

"अॅक्टिव्ह करून घेऊ का?" हे पण विचारतात. प्रीअँप (आवाज वाढवणारं, बॅटरीवर चालणारं सर्किट) आत घेऊन आलेला म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बेस 1976 पासून आहे आणि तो आवाज सुंदरच आहे, पण अँपवरचे बेस-ट्रेबल नॉब आधी नीट फिरवून बघा, तेवढ्यात भागत असेल तर बॅटरी कशाला सांभाळायची. केलंच तर बॅटरीची मायनस वायर स्टिरिओ जॅकमधून न्या म्हणजे केबल काढली की बॅटरी बंद, आणि वाजवून झालं की केबल काढायची सवय लावा. दोन बॅटऱ्या जोडून 18 व्होल्ट केल्याने आवाज मोठा होत नाही, जोरात वाजवल्यावर फाटायला उशीर लागतो एवढंच, आणि प्रत्येक प्रीअँपला ते चालत नाही, आधी त्याचा कागद वाचा.

काढलेला प्रत्येक भाग मी पिशवीत चिठ्ठी लावून ठेवते, आणि वायर सुटी करायच्या आधी आतला फोटो काढते. बेस पुढे कधी कुणाला द्यावा लागला तर त्याला मूळ वाद्य परत मिळालं पाहिजे, माझी आवड त्याच्यावर कशाला लादू. म्हणूनच याचे फ्रेट काढणार का या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. फ्रेटलेस मला मनापासून हवाय, ती मींड, तो गुणगुणणारा सूर, पण त्यासाठी वेगळा फ्रेटलेस नेक घेईन, त्याच बॉडीच्या मापाचा. चार स्क्रू सोडवायचे, हा नेक काढायचा, तो लावायचा, परत सेटअप. सध्या फक्त नेकच्या खोबणीची रुंदी मोजून लिहून ठेवलीय.