कापसाचा कैलास

गणपतीला महिना राहिला की रविवारी रात्री जेवणं आटोपून चाळीच्या चौकात सतरंजी पडायची आणि मंडळाची सभा भरायची. गिरगावातली चाळ, त्यामुळे उत्सव आमच्या अंगातच मुरलेला. १८९३ साली ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसायला सुरुवात झाली, ती आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. वर्गणीवरून फारसा वाद होत नसे. देखावा कोणता करायचा, यावरून मात्र बारा वाजायचे.

मी सातवीत होते त्या वर्षी कैलास ठरला. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट आणि गोणपाटावर खळीने चिकटवलेला कापूस. खळ आमच्याच घरी शिजायची. मैद्यात चिमूटभर मोरचूद टाकून आई ढवळत बसायची आणि "हात तोंडाला लावू नका गं" असं सारखं बजावायची. आम्ही पाचसहा मुली जिन्याच्या पायऱ्यांवर बसून कापूस मोकळा करायचो. बोटांना, केसांना, अगदी पापण्यांना तो चिकटायचा. चतुर्थीच्या आदल्या रात्री निळा जिलेटीन कागद लावलेला हॅलोजन वरून सोडला आणि गोणपाटाचा डोंगर एकदम बर्फाचा झाला. आजवर कितीतरी देखावे पाहिले, पण तसा आनंद पुन्हा झाला नाही.

विजेचं सगळं काम दोन नंबरचे काका बघायचे. ते गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. "पाचशे वॅटचा दिवा आहे, कापसापासून दोन हात लांब पाहिजे," असं म्हणून त्यांनी स्वतः शिडीवर चढून तो बांधला होता. चौथ्या रात्री, आरती होऊन माणसं पांगल्यावर, तो कसा कोण जाणे बांधणीतून सरकला आणि खाली झुकला. खाली बसून पत्ते खेळणाऱ्या मुलांना पत्ता नव्हता. ओरडल्या त्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसलेल्या अठरा नंबरच्या आजी. "अरे, कापूस जळतोय! वास येतोय मला!"

ज्वाळा नव्हतीच. शिखराजवळ तळहाताएवढा तपकिरी डाग होता आणि तो हळूहळू पसरत होता. काकांनी धावत जाऊन आधी मेन स्विच पाडला. चौक काळोखात बुडाला तेव्हा कापसाच्या आत लाल रेघ दिसली. ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. चौघांनी बांबूसकट तो भाग ओढून चौकात आणला आणि बादल्यांनी पाणी ओतलं. मूर्ती सुखरूप होती, कुणालाही काही झालं नाही. पण पहाटे दूध आणायला गेले तर त्या ओल्या ढिगातून धुराची बारीक धार निघतच होती. वर लाकडी जिने, लाकडी कठडे, चार मजले भरून माणसं. आई दिवसभर काही बोलली नाही.

आजींना वास का आला, हे त्यांनी त्या दुपारी आम्हा मुलींना सांगितलं. १४ एप्रिल १९४४ ला त्या मांडवीला राहत होत्या. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या बोटीवर कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच वेळी भरलेला होता. आधी आग लागली ती कापसाला. दुपारपासून तो धुमसत होता, आणि चारच्या सुमाराला स्फोट झाला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. दरवर्षी १४ एप्रिलला त्यांच्यासाठी अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो यासाठीच. "कापूस आतून जळतो, पोरींनो. वरून विझल्यासारखा दिसतो," आजी म्हणाल्या. माझ्या लेखी तोच त्या वर्षीच्या गणपतीचा प्रसाद.

पुढच्या सभेत देखाव्याच्या आधी काका उभे राहिले. तेव्हापासून त्यांनी आम्हाला जे शिकवलं, ते शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. सॉकेटमध्ये नुसत्या वायरी खुपसून त्या काडेपेटीच्या काडीने घट्ट करायच्या, हा सगळ्या मांडवांतला प्रकार त्यांनी बंद केला. फ्यूज उडाला की जाड तार घालणाऱ्या मुलाला ते जवळ बसवून समजावायचे, "आता फ्यूज नाही जळणार, भिंतीतली वायर जळेल." माळेतला एखादा बल्ब गेला की आम्ही तो काढून तारा जोडून टाकायचो. चाळीसातले पाच असे काढले की उरलेल्यांवर जास्त दाब येतो आणि ते तापतात, हे त्यांनी आम्हाला माळेवर हात ठेवायला लावून पटवलं. दर तासाला ते मांडवात फिरायचे आणि प्रत्येक प्लगला पालथा हात लावून बघायचे. गरम लागला की तिथला एक दिवा कमी. समई पाण्याच्या परातीत ठेवायची, आरतीचं तबक कागदी मखरापासून लांब न्यायचं आणि मांडवाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या बादल्या. त्या बादल्या आम्ही मुलींनी लाल रंगवल्या होत्या.

मधे थर्माकोलची वर्षं आली. महाल, कमळं, मोर, सगळं पांढरंशुभ्र आणि स्वस्त. दिव्याच्या उष्णतेने तो लगेच मऊ पडतो आणि पेटला की वितळून ठिबकतो, म्हणून काका त्याच्या विरोधात होते. आमच्या मंडळाने ऐकायला उशीर केला, ही खंत मला आहे. २०१८ मध्ये राज्यात त्यावर बंदी आली तेव्हा काका नव्हते. आता एलईडी माळा आहेत, त्या फारशा तापत नाहीत. पण स्वस्त माळेची वायर केसासारखी बारीक असते आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आठ माळा, वर पंखा आणि स्पीकर, हे मी आजही घराघरांत बघते. दिवाळीत तर तो बोर्ड पडद्यामागे असतो. मी सरळ वाकून हात लावते. यजमानांना विचित्र वाटत असेल, वाटू दे.

आम्ही आता विरार, डोंबिवली, पुणे असे पांगलो आहोत. एक जण मेलबर्नला आहे. तरी गौरी जेवतात त्या दिवशी जमेल तितके सगळे चाळीत येतो. जेवणं होतात, पत्ते होतात, जुन्या देखाव्यांचे फोटो निघतात. कैलासाच्या फोटोत आम्ही मुली पुढे उभ्या आहोत, केसांत कापूस तसाच. काकांचा पिवळ्या मुठीचा टेस्टर मंडळाच्या कपाटात टाळांशेजारी ठेवलेला असतो.

रात्री शेजारती झाली की अजूनही चौकातून एकजण वर बघून हाक देतो, "मेन पाडला!" आणि अठरा नंबरच्या गॅलरीतून, आता आजींची नातसून, उत्तर देते, "बघितलं!" मग दोन मुलं मांडवात अंथरूण टाकतात, आणि उशाशी वाळूची बादली ओढून घेतात.