काढून उरेल किती?

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झेपेल की नाही, हे नुसतं वय बघून ठरवू नये. रोज रानात जाणारा सत्तरीतला माणूस पन्नाशीतल्या धाप लागणाऱ्या माणसापेक्षा चांगला निभावतो. कापल्यावर फुफ्फुस किती उरेल आणि तेवढ्यावर त्याचं भागेल का, हे बघायचं.

आधी कॅन्सर कुठवर पसरलाय ते बघा: पेट-सीटी (कॅन्सर शोधणारा पूर्ण अंगाचा स्कॅन), छातीच्या मधल्या लसिका ग्रंथींची तपासणी, गरजेप्रमाणे मेंदूचा एमआरआय. आपल्याकडे निदानच उशिरा होतं: एक्स-रेवर डाग दिसला की थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात, आणि मराठवाड्यातल्या पेशंटचे मोलाचे महिने तिथेच जातात.

मग एफईव्ही-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याचं माप), दोन्ही. एफईव्ही-१ श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप दिल्यानंतरचा धरा. हिमोग्लोबिन ८ असेल तर डीएलसीओ उगाच कमी दिसतो, तो दुरुस्त करून घ्या.

फुफ्फुसाचे एकूण १९ भाग धरतात: उजवीकडे वरचा लोब (फुफ्फुसाचा मोठा खंड) ३, मधला २, खालचा ५, डावीकडे वरचा ५, खालचा ४. एफईव्ही-१ अपेक्षेच्या ६८ टक्के आहे आणि उजवा वरचा लोब काढायचा आहे, तर ६८ गुणिले १६ भागिले १९, म्हणजे ५७ टक्के उरतील. इथे एक चूक हमखास होते. तोच लोब गाठीने आधीच बंद पडलेला किंवा जुन्या टीबीने आकसलेला असेल, तर त्याचे ३ भाग हिशेबात धरायचेच नाहीत. तो काढून फारसं काही कमी होत नाही. पूर्ण फुफ्फुस काढायचं असेल तर भाग मोजून भागत नाही, परफ्युजन स्कॅन (कुठल्या फुफ्फुसात रक्त किती जातं ते दाखवणारा) लागतो.

डीएलसीओचाही हिशेब असाच करा. कापल्यावर उरणारे दोन्ही आकडे ६० टक्क्यांच्या वर असले तर पुढे जा. एखादा ३० ते ६० मध्ये असेल तर जिना चढवा. २२ मीटर उंची, म्हणजे १६ सेंटिमीटरच्या साधारण १३८ पायऱ्या. बोटाला ऑक्सिमीटर लावा. ऑक्सिजन ४ टक्क्यांहून जास्त उतरला तर सावध व्हा. पेशंट का थांबला ते लिहून ठेवा, कारण गुडघ्यामुळे थांबलेल्या बाईला दमात नापास करणं अन्याय आहे. जिना जमला नाही किंवा आकडा ३० च्या खाली असेल तर सीपीईटी, म्हणजे व्यायाम करवून ऑक्सिजनचा वापर मोजणारी चाचणी: वजनाच्या किलोमागे मिनिटाला २० मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन वापरला तर धोका कमी, १० च्या खाली फार जास्त. हृदयाची तपासणी वेगळी करायचीच.

काठावरच्या पेशंटची बिडी आजच बंद करा, पंप नीट शिकवा, रोज चालवा. पण त्यापायी ऑपरेशन लांबवत नेऊ नका. तरीही झेपणार नसेल आणि गाठ लहान असेल, तर त्याला घरी न पाठवता एसबीआरटी, म्हणजे नेमक्या गाठीवरच मोठ्या मात्रेत देण्याच्या रेडिएशनसाठी पाठवा.