चरावरचा मका डोक्याच्या वर

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका दूध उत्पादकाची तक्रार होती, की मुरघासासाठी (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी) पेरलेल्या आफ्रिकन टॉल या चाऱ्याच्या मक्याचं बियाणं बोगस निघालं. ऑगस्ट संपत आलेला, पीक 50 दिवसांचं आणि उंची जेमतेम कमरेएवढी. खालची पानं पिवळी. पावसानं चार दिवस उघडीप दिली की दुपारी पानांच्या सुरळ्या होत. युरियाचा दुसरा हप्ताही देऊन झालेला.

वावरात शिरलो आणि बियाण्याचा संशय तिथंच मिटला. विहिरीपासून गोठ्यापर्यंत दोनेक फूट रुंदीचा सरळ पट्टा, आणि त्यावरचा मका डोक्याच्या वर, काळाशार. बियाणं तेच, खत तेच.

"भाऊ, इथनं काय गेलंय?"

"पाइपलाइन. जेसीबीनं तीन फूट चर काढला होता मागं."

एक खड्डा चरावर घेतला, एक बाजूला. बाजूच्या खड्ड्यात वरची 12 सेंमी माती भुसभुशीत. त्याखाली 22 सेंमीपर्यंत चपट्या पापुद्र्यांचा थर, चाकूचं टोकही शिरेना. मक्याची मुळं त्या थरापर्यंत सरळ उतरून काटकोनात आडवी वळलेली. चरावर मात्र तीच मुळं खड्ड्याच्या तळापर्यंत.

पाच सेंमी व्यासाची, तेवढ्याच उंचीची कडी ठोकून दोन्ही थरांचे नमुने घेतले. कडीत 98 घन सेंमी माती मावते. भट्टीत 105 अंशांवर 24 तास वाळवल्यावर वरची भरली 115 ग्रॅम, घट्ट थरातली 154. म्हणजे घनता घन सेंमीला 1.17 आणि 1.57 ग्रॅम. चिकण काळ्या मातीत 1.4 च्या पुढं मुळांची दमछाक सुरू होते.

कारण उघड होतं. वर्षानुवर्षं नांगर नाही, नुसता रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार), तोही वाफसा यायच्या, म्हणजे माती मशागतीजोगी सुकायच्या आधी. पाती दरवेळी त्याच खोलीवर तळ थापटतात आणि वर भरलेली ट्रॉली ओल्या रानात फिरते. रोटाव्हेटरला शिव्या देऊन उपयोग नाही. ढेकळं फोडायला तो चांगलाच. नांगराचं काम त्याच्यावर टाकलं, तिथं बिघडलं.

मालकांना कापणी झाली की लगेच सबसॉयलर, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणारं दाताचं अवजार, घालायचा होता. मी नको म्हटलं. ओल्या काळ्या रानात दात नुसती चीर पाडतो, थर तडकत नाही. 30 सेंमी खालची माती तळहातांत वळून बघायची. वळी झाली तर थांबायचं. एप्रिलमध्ये रान तापल्यावर 30 ते 35 सेंमी खोल घालायचा, थराच्या थोडा खाली. दोन फूट खोल जाणं म्हणजे डिझेल जाळणं. दोन ओळींतलं अंतर खोलीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण अर्धा मीटर. भाड्याचा ट्रॅक्टरवाला चार फुटांवर ओळी मारून मोकळा होतो आणि मधले पट्टे तसेच राहतात. त्यावर पुन्हा रोटाव्हेटर फिरवला तर वरची माती पीठ होते, पहिल्याच जोरदार पावसात बसते.

नोव्हेंबरात लसूणघास हे चाऱ्याचं पीक पेरायचा बेतही पुढं ढकलायला लावला. सोटमुळाचं, तीन वर्षं टिकणारं पीक असल्या थरावर पेरलं तर थरावर पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. त्याऐवजी रब्बीत ओट, एकरी 40 किलो. लसूणघास पुढच्या हंगामात, तेही रान दाबून घेतल्यावर: टाच सेंटिमीटरभराहून जास्त रुतायला नको, नाहीतर ते बारीक बी खोल जाऊन उगवतच नाही.

उभ्या मक्याचं काय, हा प्रश्न राहिला. ताणात वाढलेल्या आणि वरून युरिया खाल्लेल्या मक्याच्या बुंध्यात नायट्रेट साठतं, ते जनावरांना बाधतं; मुरघासात मुरताना कमी होतं. म्हणून हिरवा कापून थेट गायींपुढं टाकायचा नाही. जमिनीपासून 25 सेंमी सोडून कापायचा. बुडख्याला उडालेली मातीही त्यामुळं मुरघासात जात नाही. ताणानंतर पाऊस पडला तर कापणी आठवडाभर लांबवायची. दाणा चिकात असताना घाई नको, पिठूळ होऊ द्यायचा, आणि मुरघासाचा खड्डा उघडायच्या आधी किमान 45 दिवस बंद ठेवायचा.